भंगारातल्या गाडीचं सेंट्रल लॉक आपल्या गाडीला बसवायचंय? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं सोलापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. वडील यंत्रमागाच्या मोटरी भरायचे, त्यामुळे वाइंडिंग (मोटरमधले तांब्याच्या तारेचे वेढे) आणि कार्बन (त्यांना करंट पोचवणारे घासते तुकडे) लहानपणापासून हाताखालचे. गाडीचं दार लॉक होईना म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असतो, "कंपनीचा पार्ट कितीला?" आकडा ऐकला की लगेच दुसरा, "भंगारात मिळंल का?"

मिळतो. नीट बघून घेतला तर वर्षानुवर्षं चालतोही. पण रविवारी भंगाराच्या वाड्यावर जाऊन भलत्याच दाराची मोटर, तुटलेला कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) आणि पत्र्याने कापलेली बोटं घेऊन परत आलेली माणसं मी नेहमी बघतो. पैसे जातात, दिवस जातो आणि लॉक होतं तसंच राहतं. दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची मी देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

भंगारात जाण्याआधी काय बघू?

मोटर खरंच गेली आहे का, ते बघा. हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मीच सगळ्यात वर ठेवलाय.

चारही दारं एकदम बंद पडली असतील तर चारही मोटरी एका रात्रीत जळल्या असं होत नाही. फ्यूज बघा, बॅटरी बघा, ड्रायव्हरच्या दारातला स्विच बघा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती ११ च्या आसपास घुटमळत असेल तर चांगली मोटरसुद्धा अर्ध्यात थांबते. एकच दार बंद असेल तर दोष त्या दाराच्या मोटरमध्ये असेल, नाहीतर तिथवर जाणाऱ्या वायरमध्ये.

वायर नेमकी कुठे तुटते ते सांगतो. दार आणि बॉडी यांच्या मध्ये बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, घड्या घड्यांची. सगळ्या वायरी तिच्यातून दारात जातात. दार उघडताना आणि लावताना त्या प्रत्येक वेळी वाकतात. दहा-पंधरा वर्षांनी आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. बाहेरून काहीच कळत नाही.

दुकान नवीन होतं तेव्हा मोहोळकडच्या एका गिऱ्हाइकाला मी एकाच दारासाठी दोनदा जुनी मोटर आणून बसवली. दोन्ही वेळा चार दिवस चाललं आणि बंद पडलं. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा लॉकचं बटण दाबून धरायला त्यांना सांगितलं आणि मी दार हळूहळू हलवत राहिलो. एका ठरावीक कोनात "टक्" झालं. रबर सोडवलं तर निळी वायर आत दोन तुकड्यांत. एक वायर जोडायचं काम होतं आणि मी त्यांना दोन मोटरींचे पैसे खर्च करायला लावले होते. मोटरींचे पैसे मी परत दिले. तेव्हापासून दुकानात नियम आहे, आधी रबर सोडवायचं, मग दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण.

सेंट्रल लॉकमध्ये आत असतं तरी काय?

बोटाएवढी १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्यापुढे प्लास्टिकचे गिअर आणि त्या गिअरने पुढे-मागे सरकणारा एक दांडा किंवा फिरणारा खटका. करंट एका दिशेने दिला की लॉक, उलटा दिला की अनलॉक. करंट मिळतो तोही अर्धा-एक सेकंदच.

जुन्या गाड्यांत आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ही मोटर वेगळी असते. लांबट डबा, पुढे दांडा. बाजारात तिला "गन" म्हणतात. मागच्या दारांना दोन वायरची गन आणि ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरची. पाचांपैकी दोन मोटरच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. ड्रायव्हरचं लॉक हलवलं की बाकीची दारं हलतात ती याच स्विचमुळे. नवीन गाड्यांत मोटर लॅचच्या म्हणजे दाराच्या मुख्य कुलपाच्या पोटातच असते. तिथे मोटर मागायची तर अख्खं कुलूपच घ्यावं लागतं. कंपनीचा आकडा मोठा येतो तो म्हणूनच.

भंगारातून घेण्यासारखं काय, आणि काय घेऊ नये?

मोटरसकटचं कुलूप घेण्यासारखं आहे. ड्रायव्हरच्या दारातला स्विच, खिडक्यांच्या बटणांची पट्टी, आतलं हँडल, हँडल आणि कुलूप जोडणारे रॉड, रॉडच्या प्लास्टिक क्लिपा, कपलर, ती रबरी नळी, हे सगळं घ्या. क्लिपा आणि कपलर ही तर खरी दौलत. नवीन सुटे मिळत नाहीत आणि एक क्लिप नसली तरी रॉड दिवसभर खडखडतो.

अपघातात बाजूने मार बसलेल्या दाराचं कुलूप मात्र घेऊ नका, मोटर कितीही छान चालत असली तरी. कुलपाचा जो जबडा खांबावरच्या कडीला धरतो, तो गाडी उलटली तर दार बंद ठेवतो. त्याला बारीक तडा गेला असेल, खिळा वाकला असेल, तर डोळ्यांना दिसत नाही. अशा दाराची वेगळी गन किंवा स्विच घ्या, कुलूप सोडा. मालक चिडला तरी चालेल.

माझ्या गाडीला दुसऱ्या मॉडेलचं बसेल का?

वाड्यावर सगळेच म्हणतात, "बसतंय की." विश्वास ठेवू नका. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: डावं की उजवं, पुढचं की मागचं, स्क्रूच्या छिद्रांची मांडणी आणि कपलरच्या पिना. डाव्या दाराचं कुलूप उजव्या दाराला बसत नाही, ते आरशातल्यासारखं उलटं असतं. मागच्या दाराच्या कुलपावर मुलांच्या लॉकचा छोटा खटका असतो, पुढच्यावर नसतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे स्विच असलेलं कुलूप उजव्या पुढच्या दारात सापडेल. परदेशातले व्हिडिओ बघून जाणारे इथे हमखास फसतात, कारण तिकडे बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर डावीकडे असतो.

आणखी एक. त्याच मॉडेलची गाडी पण खालच्या व्हेरिएंटची असेल, तर बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या कुलपात मोटरच नसते. कपलरची जागा रिकामी दिसली की पुढच्या गाडीकडे वळा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या गाडीचं बिघडलेलं कुलूप काढून पिशवीत घालून सोबत न्या. फोटोवर भागत नाही. दोन्ही कुलपं शेजारी शेजारी ठेवून छिद्रावर छिद्र, पिनेवर पिन ताडून बघा. कपलरमध्ये पिना तितक्याच असल्या तरी वायरी त्याच जागी आहेत का, तेही बघा. फेसलिफ्टनंतर, म्हणजे त्याच मॉडेलचं रूप बदलून काढल्यावर, कंपनी पिनांची जागा बदलते, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय.

सोलापुरात माल कसा येतो? कधी जावं?

सोलापूर पुणे–हैदराबाद महामार्गावर आहे आणि विजयपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा सगळ्या बाजूंचे रस्ते इथे येऊन मिळतात. त्यामुळे वाड्यात फक्त एमएच १३ च्या गाड्या नसतात. पुण्याची एमएच १२, धाराशिवची एमएच २५, विजयपूरची केए २८, कलबुर्गीची केए ३२, सगळं एका रांगेत. मी नंबर प्लेटकडे मुद्दाम बघतो. मुंबई किंवा कोकणात आयुष्य गेलेल्या गाडीच्या दाराच्या तळाला खाऱ्या हवेने गंज धरलेला असतो आणि तोच गंज कुलपाच्या स्प्रिंगवरही चढलेला असतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीला गंज कमी, पण आत धूळ आणि वाळलेलं ग्रीस जास्त. धूळ पुसता येते, गंज नाही. म्हणून दोन सारख्या गाड्या दिसल्या तर मी इकडची निवडतो.

वेळ सकाळची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरातून गाडी काढायलाच वेळ जातो, तेव्हा आठवडाभर थांबलेलं बरं.

चोरीच्या गाडीचा माल नाही, हे कसं ओळखू?

प्रश्न विचारायला लाजू नका. गाडीचा नंबर विचारा, अख्खी गाडी दाखवा म्हणा आणि बिल मागा. साध्या कागदावर गाडीचा नंबर, काढलेला पार्ट, तारीख आणि सही एवढं असलं तरी पुरे. नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकला की मॉडेल आणि नोंदणीची स्थिती कळते. एनसीआरबीच्या (देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) "वाहन समन्वय" सेवेवर चोरीला गेलेल्या गाड्यांची नोंद तपासता येते. चासी नंबर घासलेला असेल, दारं एका रंगाची आणि बॉडी दुसऱ्या रंगाची असेल आणि मालक उत्तर टाळत असेल, तर हात न लावता परत या.

भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात चोरीची वस्तू, ती चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला जागा असून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका मोटरसाठी कशाला ती भानगड? नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. अशा केंद्रात गाडी जमा करणाऱ्याला तसं प्रमाणपत्र मिळतं, आणि गाडीचा माग तिथे कागदावर राहतो.

माझीच जुनी गाडी फोडून पार्ट काढले तर?

काढा, पण गाडी कायमची मोडीत निघणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर फोडलेली गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.

सोबत काय न्यायचं?

मोठ्या तोंडाचा चारपट्टी स्क्रू ड्रायव्हर, हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, टॉर्क्स बिटांचा संच, १० चा पाना, नाकाडी पक्कड, क्लिपा उचकटायची प्लास्टिकची पट्टी, जाड हातमोजे, जुना सुती रुमाल, टॉर्च, मल्टिमीटर आणि तपासणीची बॅटरी. रुमाल कशाला ते पुढे येईल. स्क्रू ठेवायला झाकणाचा डबा घ्या, खिशात टाकलेले स्क्रू घरी पोहोचत नाहीत.

कुलूप दारातून काढायचं कसं?

आधी काच पूर्ण वर हवी. वाड्यातल्या गाडीला बॅटरी नसते, तेव्हा पॉवर विंडो असेल तर खिडकीच्या मोटरला आपल्या बॅटरीने करंट देऊन काच वर घ्या. काच खाली असेल तर हात आत जातच नाही.

मग दाराचं पॅड. स्क्रू लपलेले असतात. आतल्या हँडलच्या वाटीत, हातटेकूच्या खोबणीत, आरशाच्या मागच्या त्रिकोणी पट्टीखाली. हाताने फिरवायची काच असेल तर हँडल एका घोड्याच्या नालेसारख्या तारेच्या क्लिपने धरलेलं असतं. इथे रुमाल कामाला येतो. हँडल आणि पॅड यांच्या फटीत रुमाल सरकवा, दोन्ही टोकं धरून बूट पुसतो तसा इकडे-तिकडे ओढा. क्लिप रुमालात अडकून टुणकन बाहेर येते. दुसरा हात आडवा धरा, नाहीतर ती गवतात गेली म्हणून समजा.

सगळे स्क्रू निघाल्यावर पॅड खालच्या कोपऱ्यातून उचकटायला सुरुवात करा. क्लिपेच्या अगदी जवळ पट्टी घाला, दोन क्लिपांच्या मधे नको. उन्हाने वाळलेलं पॅड तिथेच चिरतं. क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलायचं. जोरात ओढू नका, मागे स्विचचे कपलर आणि हँडलची केबल लटकत असते.

पॅडमागे चिकट गमाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो हळू सोडवा आणि तुमच्या गाडीचा कागद फाटलेला असेल तर हाच घेऊन जा. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं आणि हा कागद ते आत सीटकडे येऊ देत नाही. कित्येक मेकॅनिक तो फेकून देतात. तसं करू नका, लॉकच्या नव्या मोटरवर पहिल्याच पावसात पाणी जातं.

आता फोटो काढा. कोणता रॉड कुठे जातो, कोणती क्लिप कुठल्या बाजूला वळते, दोन-तीन कोनांतून घ्या. रॉड सरळ ओढू नका. क्लिपचा पिसासारखा भाग रॉडवरून बाजूला फिरवा, मग रॉड छिद्रातून सहज निघतो. दाराच्या कडेला, जिथे कडी बसते तिथे, बहुतेक गाड्यांत तीन स्क्रू असतात. हे इतके घट्ट असतात की साधा ड्रायव्हर घसरून डोकं गोल करतो. ड्रायव्हर लावण्याआधीच इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, हातोडीचे दोन ठोके आणि मग हाताने. काही दारांत काचेच्या मागच्या चॅनेलचा एक बोल्ट सैल केल्याशिवाय कुलूप बाहेर येत नाही. अडलं तर जोर लावण्याआधी तो शोधा.

आत हात घालताना हातमोजे हवेतच. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

आणि कपलर कापू नका. त्याचा खटका दाबून सोडवा. दारातल्या वायरिंगकडचा अर्धा कपलरही हवा असेल, तर वायर किमान वीतभर ठेवून कापा. कपलरच्या मुळाशी कापलेली वायर पुन्हा जोडायला जागाच राहत नाही.

वाड्यातल्या गाडीचं दार लॉक आहे, उघडत नाही. मग?

दुसऱ्या दारातून आत शिरा आणि आतलं बटण वर करा. मागचं दार आतून उघडत नसेल तर मुलांचं लॉक लागलेलं असेल, ते बाहेरच्या हँडलने उघडतं. दोन्हीही चालत नसेल तर ते कुलूप बिघडलेलंच आहे. त्यासाठी घाम का गाळायचा?

जागेवरच तपासायचं कसं?

मी यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी नेतो. तिच्या प्लसला १० अँपिअरचा फ्यूज, पुढे एक दाबायचं बटण आणि दोन लांब वायरी, टोकाला सुया. फ्यूज नसलेली बॅटरी घेऊन लोखंडाच्या ढिगात फिरणं धोक्याचं आहे.

आधी मोटरच्या पिना ओळखायच्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ज्या दोन पिनांमध्ये थोडेच ओहम दाखवतो आणि कुलपाचा खटका हलवला तरी आकडा तेवढाच राहतो, त्या मोटरच्या. खटका हलवल्यावर जिथे शून्य आणि उघडं असं बदलतं, त्या स्विचच्या. स्विचच्या पिनांना बॅटरी लावायची नाही. शून्यावरच्या स्विचमधून बॅटरी थेट शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि आतला नाजूक संपर्क क्षणात जळतो.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कुलपाचा जबडा दाबून बंद करा, जणू दार लागलंय. आणि मोटरच्या पिनांना अर्धा सेकंद करंट द्या.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा वाड्याचे मालक, सगळे त्यांना मामा म्हणतात, शेजारी खाटेवर बसून चहा पीत होते. "मामा, जरा लावून बघू?" म्हटलं. "बघ की, बघायला काय पैसे लागतात व्हय?" पहिलं कुलूप "टक्" वाजलं, कोरडं, एकच. दुसरं "कर्रर्र" करून थांबलं. मामांनी मान वरही केली नाही. म्हणाले, "ते दुसरं ठेव. दात गेल्यात त्याचे." कान तयार झाला की हे असं कळतं. एकच टणक आवाज म्हणजे गिअर चांगले. कर्रर्र म्हणजे प्लास्टिकचे दाते झिजलेत किंवा तुटलेत. नुसता गुणगुणण्याचा आवाज आणि हालचाल नाही, म्हणजे गिअर मोटरच्या दांड्यावर फिरतोय. काहीच आवाज नाही तर कार्बन अडकला असेल, मोटरच्या डब्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून पुन्हा बघा. ठोकल्यावर चाललं तर कार्बन संपत आलाय हे नक्की. असं कुलूप घेऊ नका, आज चाललं तरी आषाढात थांबेल.

उलट-सुलट दहा-बारा वेळा चालवा. त्यानंतर मोटर एकदम मंदावली तर घाबरू नका. बऱ्याच मोटरींच्या आत एक चकती असते, तापली की ती करंट अडवते. पाच मिनिटं सावलीत ठेवा आणि पुन्हा बघा. करंट दाबून धरू मात्र नका. ही मोटर क्षणभर चालण्यासाठी बनवलेली आहे.

बंद पडलेली मोटर उघडून दुरुस्त होते का?

होते. मोटरच्या डब्याचे पत्र्याचे कान उचलून झाकण काढा. कम्यूटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांवर, काळा थर असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसा, पट्ट्यांमधल्या खाचा टाचणीने साफ करा, स्पिरिटने पुसा आणि वाळवून बंद करा. मागाच्या मोटरीला आमचे वडील हेच करायचे, फक्त ती मोटर घागरीएवढी होती. कार्बन अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर मेहनत वाया जाते. त्यापेक्षा एका कुलपाचे चांगले गिअर आणि दुसऱ्या कुलपाची चांगली मोटर असं एकत्र करून मी बरीच कुलपं उभी केली आहेत. त्यासाठी एकाच मॉडेलची, एकाच बाजूची दोन बिघडलेली कुलपं मामा किलोच्या भावात देतात, ती घेऊन ठेवावीत.

पुरात बुडालेल्या गाडीचा पार्ट कसा ओळखू?

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पंढरपूरच्या बाजूला पाणी आलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या पुढे कुठल्याही वाड्यात येऊ शकतात. दाराचं पॅड काढल्यावर आतल्या पत्र्यावर गाळाची आडवी रेघ दिसते, ती धुतली तरी कोपऱ्यात राहते. कपलरच्या पिनांवर हिरवट थर, स्पीकरच्या कागदावर डाग, सीटच्या पट्ट्यात चिखलाचा वास. असं काही दिसलं तर रॉड आणि हँडल घ्या, मोटर किंवा स्विच घेऊ नका.

चावी आणि रिमोटचं काय?

दाराच्या बाहेरचं चावीचं कुलूप भंगारातून आणलं की दोन चाव्या सांभाळाव्या लागतात. चावी बनवणारा कारागीर आतल्या पितळी पत्त्या काढून तुमच्या चावीप्रमाणे पुन्हा बसवून देतो, तो सोपा मार्ग. मोटर बदलली म्हणून इमोबिलायझरचा, म्हणजे भलत्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या भागाचा, काही त्रास होत नाही, तो इंजिनच्या बाजूचा भाग आहे. रिमोट मात्र वेगळी गोष्ट. कंपनीचा रिमोट गाडीच्या मॉड्यूलशी (लॉक चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याशी) जोडलेला असतो. भंगारातली चावी आणून बटण दाबलं की दार उघडेल, असं होत नाही. पुष्कळ गाड्यांत स्कॅनर लावून नोंद करावी लागते आणि आधी दुसऱ्या गाडीला बांधलेली चिप तर बऱ्याचदा नव्याने नोंदवताच येत नाही. बाहेरून बसवलेल्या किटचा मॉड्यूल आणि रिमोट असेल तर जोडी म्हणून एकत्रच घ्या.

एअरबॅगच्या गाडीत हात घालणं धोक्याचं आहे का?

पिवळे कपलर आणि पिवळ्या वेष्टणातल्या वायरी दिसल्या की हात मागे घ्या. त्या एअरबॅगच्या असतात. तिथे मल्टिमीटरही लावायचा नाही.

भाव कितीपर्यंत द्यावा?

माझा स्वतःचा हिशेब असा: कंपनीच्या नव्या पार्टच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचे नाहीत, आणि तेही तपासून, बदलून देण्याच्या बोलीवर. तुम्ही स्वतः काढणार असाल तर आणखी कमी. घासाघीस करताना पार्टची निंदा करू नका. पोटाला काम करणारी माणसं आहेत, नीट बोललात तर पुढच्या वेळी गाडी आली की स्वतःहून फोन करतात.

त्यापेक्षा नवीन किट घेतलेलं बरं नाही का?

गाडीला वेगळी गन असेल तर हो, बरं. चार गनचं नवीन किट स्वस्त मिळतं, अशा गाडीसाठी भंगारात वेळ घालवू नका. फक्त ब्रॅकेट आणि रॉड जुने घ्या. कुलपाच्या पोटात मोटर असलेल्या गाडीसाठीच भंगाराचा रस्ता फायद्याचा. तिथे किटची गन बाहेरून जोडणारे लोक आहेत, पण रॉड वाकवून कसंतरी जमवलेलं ते काम मला कधीच पटलेलं नाही. रॉड अडकला तर दार आतूनही उघडत नाही.

बसवण्याआधी काय करू?

कुलपाचा लोखंडी भाग रॉकेलने धुवा, पण मोटर आणि स्विच असलेला भाग ओला होऊ देऊ नका. वाळल्यावर जबड्याला पांढरं लिथियम ग्रीस लावा, पातळ थर. प्लास्टिकच्या गिअरला सिलिकॉन ग्रीस. इंजिन ऑइल घालू नका, आपल्या धुळीत ते महिन्याभरात चिखल होतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे, तो उडून जातो.

बसवल्यावर कसं तपासायचं?

दार उघडं ठेवूनच. ही गोष्ट विसरली तर पॅड काढलेलं दार कायमचं लॉक होऊन बसतं आणि ते उघडायला दिवस जातो. तीन स्क्रू घट्ट करा, रॉड आणि कपलर जोडा, मग स्क्रू ड्रायव्हरने जबडा बंद करा. ड्रायव्हरच्या बटणाने लॉक करा आणि बाहेरचं हँडल ओढून बघा, जबडा सुटता कामा नये. अनलॉक करा, आता सुटला पाहिजे. हेच आतल्या हँडलने करा, चावीने करा, पाच-पाच वेळा. लॉक केल्याबरोबर लगेच परत अनलॉक होत असेल तर ड्रायव्हरच्या कुलपातला स्विच किंवा रॉडची लांबी चुकली आहे. रॉड दोन आटे फिरवून बघा.

त्यानंतरच प्लास्टिकचा कागद चिकटवा, पॅड लावा आणि दार बंद करा. मागचं दार असेल तर मुलांचं लॉक एकदा चालू आणि एकदा बंद करून बघा. तपासताना मूल आत बसवू नका. मुलांचं लॉक बंद ठेवून स्वतः मागच्या सीटवर बसा, चावी बाहेरच्या माणसाच्या हातात द्या, त्याला दार लॉक करायला सांगा आणि आतून बटण वर करून दार उघडा.